हळदीकुंकवातली बेरीज

"कॉम्प्युटरचा मेंदू" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मेंदू कसला डोंबलाचा! इतकी वर्षं मी त्या चिपांमध्ये डोकं खुपसून बसले आहे, मला आत एकही मेंदू भेटलेला नाही. आत खटके आहेत. भिंतीवर दिव्याचं बटण असतं ना, तसेच. फरक एवढाच की ही बटणं बोटाने नाही, विजेनेच दाबली जातात, आणि नखाएवढ्या जागेत इतकी असतात की मोजायला बसू नये. एक खटका दुसऱ्याला चालू करतो, दुसरा तिसऱ्याला बंद करतो. त्यातून बेरीज होते, फोटो दिसतो, फोन वाजतो. हे इतकं सुंदर आहे की ते सोडून लोकांना डोळे मिचकावणारा मेंदू का दाखवायचा, हे मला कधीच कळलं नाही.

मी नोएडातल्या एका कंपनीत चिप तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी काढलेल्या आराखड्यात, चिप बनायच्या आधी, चुका शोधायच्या. चुका शोधून शोधून माझा स्वभाव असा झालाय, असं नवरा म्हणतो. स्वभाव असा होता म्हणूनच ही नोकरी मिळाली, असं मी म्हणते. द्वारकेहून मेट्रोत बसायचं, अख्खी दिल्ली ओलांडायची, संध्याकाळी परत. ह्या शहरातल्या मराठी मंडळींना मी "कॉम्प्युटरवाली" म्हणून माहीत आहे. कुणाचा प्रिंटर अडला की मला फोन येतो. मला प्रिंटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे सांगून कुणी विश्वास ठेवत नाही.

मधूनमधून कुठल्या तरी मंडळाचं भाषणाचं आमंत्रणही येतं. "जरा सोप्पं करून सांगा हं मॅडम, आमच्या बायकांना कळेल असं." हे "आमच्या बायकांना" ऐकलं की मी तिथेच फुली मारते. त्यांना हवं असतं विजेचं बिल फोनवर कसं भरायचं ते. ते मी सांगणार नाही. बिल भरायला कुणाचाही भाचा शिकवेल. बिल भरलं जातं तेव्हा त्या काचेच्या मागे काय होतं, हे ऐकायचं असेल तर बोलवा, नाहीतर राहू द्या. बहुतेक वेळा राहूच देतात.

तर गेल्या वर्षी जानेवारीत माझी मैत्रीण घरी आली. आली ती रडवेली, आणि ती रडणाऱ्यातली नाही.

आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या. तिचा नवरा केंद्र सरकारात, त्यामुळे बदल्यांमागे फिरता फिरता आता लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. प्रत्येक गावी तिने गणित शिकवलं, कुठे कुणाच्या रजेच्या जागी, कुठे तात्पुरतं. दिल्लीत मात्र एका मराठी संस्थेच्या शाळेत तिला सहावीचं गणित मिळालं, तिचं स्वतःचं, कुणाच्या बदल्यात नाही. ती त्या वर्गाबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज वेगळा होतो. माझी मुलं, म्हणते. घरात दोन खरी मुलं आहेत, त्यांना ती "कार्टी" म्हणते.

"वर्ग काढून घेतायत माझ्याकडून," ती म्हणाली.

झालं होतं असं: शाळेने ठरवलं होतं की एप्रिलपासून गणित आणि कॉम्प्युटर एकत्र शिकवायचं. एक कंपनी तयार पॅकेज देत होती. त्यांचा माणूस, त्यांचे टॅब, त्यांच्या स्लाइड, आणि पहिल्याच स्लाइडवर तो डोळे मिचकावणारा मेंदू. संस्थेचे कार्यवाह, सरकारातून निवृत्त झालेले एक मोठे साहेब, त्याच्या प्रेमात पडले होते. मैत्रिणीला ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं गणित उत्तमच आहे, पण आता जमाना कॉम्प्युटरचा. तुम्हाला कॉम्प्युटर कुठे येतो?" तिला ॲक्टिव्हिटीचा तास देणार होते. पगार तोच, नोकरी तीच, फक्त गणित नाही. हिने हुज्जत घातली, तेव्हा म्हणाले, बरं, फेब्रुवारीत पालकांसमोर एक नमुना पाठ घ्या. कॉम्प्युटर आणि गणित दोन्ही दिसू द्या त्यात. मग ठरवू.

"मला आतलं सांग," ती मला म्हणाली. "चालवता मला येतो. आत काय होतं ते सांग. मेंदूबिंदू सांगितलास तर याद राख."

मी तिला मिठीच मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे मागायला माझ्या दारात आलं होतं.

आम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो. मी सांगितलं: खटक्याला दोनच गोष्टी येतात, चालू आणि बंद. म्हणून तिथे आकडेही दोनच. एक आणि शून्य. आपण दहा झाले की हातचा एक पुढे देतो, तसं तिथे दोन झाले की लगेच हातचा. एक आणि एक दोन, म्हणजे इथे शून्य, हातचा एक. आपल्याकडे एकंस्थान, दहंस्थान, शतंस्थान असतं. तिथे एकंचं, दोनचं, चारचं, आठचं.

"मग हे तर दुसरीचं गणित आहे," ती म्हणाली.

"दुसरीचंच आहे. आपण उगाच घाबरतो."

"आणि ही बेरीज करतं कोण?"

"कुणीच करत नाही. प्रत्येक स्थानावर खटक्यांची एक टोळी बसलेली असते. तिला बेरीज माहीत नसते. तिला एवढंच माहीत असतं की माझ्यापुढे दोन आले तर एक पुढे ढकलायचा."

तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, ही आता उठून नाचणार. "म्हणजे मुलांना रांगेत बसवलं तर?" ती म्हणाली. "प्रत्येक मूल म्हणजे एक टोळी?"

"तर तुझा वर्ग म्हणजे चिप," मी म्हटलं.

मुलांवर करण्याआधी मोठ्यांवर करून बघायचं ठरलं. मोठी माणसं कुठून आणायची? ती म्हणाली, "अगं, रविवारी माझं हळदीकुंकू आहे की."

तिचं हळदीकुंकू म्हणजे गंमत असते. थंडीतलं कोवळं ऊन, क्वार्टरांच्या मधल्या हिरवळीवर सतरंज्या, आणि बोलावणं सगळ्यांना. कोण सवाष्ण, कोण नाही, हे विचारायची तिच्याकडे पद्धतच नाही. वसईची ख्रिश्चन बाई येते, कोल्हापूरकडची मुसलमान वहिनी येते, तिची गुळाची पोळी आमच्या सगळ्यांपेक्षा सरस असते. मला एरवी ह्या प्रकारात फारसा रस नाही. पण त्या दिवशी मी ऑफिसला जाताना घालत नाही इतकी चांगली साडी नेसून गेले.

चौघींना रांगेत बसवलं. मधे तिळगुळाच्या लाडवांचं मोठं ताट. लाडू म्हणजे एक, लाडू नाही म्हणजे शून्य. नियम मी मोठ्याने सांगितले: तुमच्यापुढे दोन लाडू झाले की एक डावीकडच्या बाईला द्यायचा, दुसरा ताटात परत. तीन झाले तर एक डावीकडे, एक ताटात, एक तुमच्यापाशी. दोनपेक्षा कमी असतील तर पुढे काहीच द्यायचं नाही. शेवटी जिच्यापुढे लाडू तिथे एक, जिच्यापुढे नाही तिथे शून्य. सोपी बेरीज घेतली. तीन आणि दोन. तीनसाठी एक लाडू एकंच्या बाईपुढे आणि एक दोनच्या बाईपुढे, दोनसाठी एकच, तोही दोनच्या बाईपुढे.

उजवीकडून सुरू झालं. पहिली बसली होती शेजारच्या ब्लॉकमधल्या काकू. त्यांच्यापुढे एकच लाडू, म्हणजे पुढे काही जायचं नाही. त्यांनी डावीकडच्या वसईच्या बाईकडे बघितलं, कसंनुसं हसल्या, ताटातून एक लाडू उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. तिच्याकडे आधीच दोन होते, तिसरा आला. तिने नियमाप्रमाणे एक कोल्हापूरच्या वहिनीला दिला. वहिनीचं खरं तर तिथेच थांबायचं. पण तिने चौथीकडे बघितलं, चौथीचा हात रिकामा, हिने ताटात हात घातलाच. "घ्या हो, तिळगूळ घ्या."

चौघींपुढेही लाडू, म्हणजे आठ, चार, दोन आणि एक. उत्तर आलं पंधरा.

"तीन आणि दोन पंधरा?" मी ओरडले. "काकू, तुम्हाला पुढे काहीच द्यायचं नव्हतं!"

"अगं पण सणाच्या दिवशी," काकू म्हणाल्या, "शेजारी बसलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसं ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा माणसं बदलली, तरी उत्तर चुकलेलंच. जी ती नियम मला घडाघडा म्हणून दाखवत होती, आणि वेळ आली की हात आपसूक ताटाकडे. एका बाईने तर मनावर दगड ठेवून काही दिलं नाही, पण तिची शेजारीण वाट बघत बसली. देतेय की नाही देत? विसरली का रागावली? ती हलेना, पुढची सगळी रांग अडकली. माझा पारा चढला. नवरा म्हणतो त्या स्वभावाने मी बोलायला तोंड उघडलं, की एवढं साधं तुम्हाला...

"थांब," मैत्रिणीने मला हाताला धरून खाली बसवलं. "त्यांची चूक नाही. आपली आहे. शून्य देता आलं पाहिजे."

"शून्य म्हणजे काही नाही. काही नाही कसं देणार?"

ती आत गेली आणि चांदीची गुलाबदाणी घेऊन आली. "एक असेल तर लाडू. शून्य असेल तर गुलाबपाणी शिंपडायचं. कुणी कुणाला तसंच ठेवायचं नाही."

काकूंनी समाधानाने वसईच्या बाईच्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं, ती थंडीने "अय्या!" करून किंचाळली, मग तिच्यापुढचे दोन लाडू, त्यातला एक वहिनीला, वहिनीने चौथीवर गुलाबपाणी. बेरीज खटाखट झाली. पाच. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग सात आणि सहा केली, मग कुणीतरी म्हणालं आणखी चौघी बसवा, मोठी करू. संध्याकाळी ऊन गेलं तरी बायका उठेनात. सगळ्यांचे हात गुलाबाने घमघमत होते.

मला मात्र बसल्या जागी थक्क व्हायला झालं होतं. कारण मैत्रीण नकळत माझ्या धंद्यातली अगदी खरी गोष्ट बोलली होती. चिपमध्येसुद्धा शून्य म्हणजे "काही नाही" नसतं. तारेला एक म्हणायचं असेल तर विजेला जोडावं लागतं, आणि शून्य म्हणायचं असेल तर तितक्याच पक्केपणाने जमिनीला जोडावं लागतं. कशालाच न जोडता सोडलेली तार सगळ्यात वाईट. ती कधी एक वाटते, कधी शून्य, आणि पुढची सगळी टोळी भंजाळून जाते. नोकरीतली पहिली काही वर्षं मी अशा सुटलेल्या ताराच हुडकत होते. हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग यात सांगायचं काय आहे? कुणालाही कळेल." मी वाद घातला नाही.

फेब्रुवारीत नमुना पाठ झाला. वर्गाच्या मागच्या बाकांवर पालक, पहिल्या खुर्चीत कार्यवाह साहेब, आणि एका कोपऱ्यात मी. तिने मला बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाहीस. काहीही झालं तरी." मुलांना रांगेत उभं केलं होतं. एक म्हणजे खडू, शून्य म्हणजे शेजाऱ्याच्या तळहातावर टिचकी. पालकांनी आकडे सांगायचे, मुलांनी बेरीज करायची. तिने फळ्यावर एक ओळ लिहिली नाही, एक स्लाइड दाखवली नाही. हातचा रांगेतून सरकत चालला की पालक माना वळवून वळवून बघत होते. एक वडील तर उभेच राहिले. माझा जीव मुठीत होता, पण सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग रांगेच्या मध्ये उभी असलेली एक मुलगी वैतागली. दोन वेण्या, कपाळावर आठ्या.

"मॅम, मी का रुकू?"

दिल्लीत वाढलेली मुलं अशीच बोलतात. थांबणं त्यांच्या घरात कधीच रुकणं झालंय.

"म्हणजे?" मैत्रिणीने विचारलं.

"माझ्याकडे दोन खडू आहेत ना? मग मागून काहीपण येऊ दे, खडू येऊ दे नाहीतर टिचकी येऊ दे. मी पुढे एक देणारच आहे. मग मी आत्ताच दिला तर? मी उगीच का रुकू?"

अरे देवा! मी बाकावरून अर्धी उठलेच. कारण ह्या पोरीने उभ्या उभ्या जे विचारलं, ते आमच्या धंद्यातल्या शहाण्या लोकांनी विचारलं म्हणून तर आजची यंत्रं वेगवान आहेत. बेरीज सोपी असते, हातच्याची वाट बघणं महाग पडतं. शेवटच्या स्थानाला सगळ्या रांगेसाठी ताटकळावं लागतं. वाट न बघता हातचा आधीच ओळखता येईल का, यासाठी माणसांनी डोकी झिजवली आहेत. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मैत्रिणीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट खाली बसले.

ती त्या मुलीकडे वळली. आणि सगळ्या पालकांसमोर, साहेबांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला माहीत नाही. पण तू म्हणतेस ते बरोबर वाटतंय. आपण करून बघू या."

करून बघायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी घड्याळ बघून घसा खाकरला, पाठ संपल्याचं जाहीर झालं, आणि चहा आला.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. ते अगदी सौजन्याने बोलले. पाठ छान होता, मुलं रमली, पण. हा "पण" ऐकताच मला कळलं. "मॅडम, शिक्षकानेच वर्गात मला माहीत नाही म्हटल्यावर पालकांनी काय समजायचं? उद्या ते फी कशाची भरतायत विचारतील. कंपनीच्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं."

"ह्या प्रश्नाचं आहे का?" मी विचारलं.

"हा प्रश्न सिलॅबसमध्ये नाही."

"अहो साहेब, ह्या प्रश्नावर माझ्या डिपार्टमेंटचं पोट चालतं! सहावीतल्या मुलीला तो आपल्या आपण पडला. तुमच्या स्लाइडवरच्या मेंदूने अख्ख्या जन्मात असा एक प्रश्न पाडून दाखवावा, मी नोकरी सोडते."

त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलवली. रागावलेल्या बाईला शांत करायला पुरुष जशी डोलवतात तशी. आणि बिस्किटाची बशी पुढे केली. मला ती बशी भिरकावून द्यावीशी वाटली. मी बिस्कीट घेतलं नाही, एवढंच केलं. अजून वाटतं, भिरकावायला हवी होती.

निर्णय तोच झाला जो व्हायचा होता. एप्रिलपासून सहावीचं गणित कंपनीकडे. मैत्रिणीला ॲक्टिव्हिटी.

मी तिच्याकडे गेले ती भांडायच्या तयारीने. म्हटलं, राजीनामा दे, पालकांना गोळा कर, मी येते, आपण तमाशा करू. ती भाजी निवडत होती. मला वाटलं होतं, रडेल. ती मुळीच रडली नाही.

"एक गोष्ट सांग," ती म्हणाली, "मी तिथे येतं म्हणायला हवं होतं का?"

"नाही."

"मी येतं म्हणाले असते, काहीतरी ठोकून दिलं असतं, तर वर्ग राहिला असता माझ्याकडे."

"राहिला असता."

"मग तो वर्ग घेऊन मी काय केलं असतं?" तिने मेथीची जुडी टेबलावर आपटली. "जे मला माहीत नाही ते मी माहीत नाही म्हणणार. परत म्हणणार. रोज म्हणणार. त्यांना काय काढून घ्यायचं ते घेऊ दे. आणि तू मला उत्तर सांगायचं नाहीस, कळलं? ते त्या पोरीचं आहे."

इतकी मोठी चपराक मला माझ्या साहेबानेही कधी दिली नव्हती, आणि ती खाऊन इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. "रजा काढ. शाळेत ये. मैदानावर." बाकी काही बोलायला तयार नाही. मी रजा काढली. ऊन तापायला लागलं होतं, मैदानाच्या कडेला जांभळाच्या झाडाखाली तेवढी सावली होती. तिथे तिचीच मुलं, आता सातवीत गेलेली, रांगेत उभी, पायात बूट नाहीत (रांगेत यायचं तर अनवाणी, हा त्यांचाच नियम), हातात खडू.

"हा ॲक्टिव्हिटीचा तास," ती मला म्हणाली, चेहरा अगदी सरळ ठेवून. "संस्थेनेच दिलाय."

रांगेसमोर दोन वेण्यांची ती मुलगी उभी होती. आता रांग ती चालवत होती. सुट्टीत, बसमध्ये, कुठे कुठे तिने आणि बाकीच्यांनी त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता, आणि मैत्रीण फक्त विचारत राहिली होती, मग पुढे काय, मग असं झालं तर काय. मुलगी ओरडली, "दोन खडूवाले!" रांगेतली काही मुलं एकदम ओरडली, "देणार!" मग तिने हाक दिली, "एकपण नाहीवाले!" आणखी काही ओरडली, "नाही देणार!" कुणी कुणासाठी थांबलंच नाही. ज्यांच्याकडे एकच खडू, तेवढे गप्प. "आता एकवाल्यांनी मागे बघा, जो बोललाय तो काय बोलला ते बोला!" आणि तेही झालं, आणि सगळ्या रांगेचा हातचा एका श्वासात ठरला. एरवी त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत खुरडत येणारा हातचा!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळे नाही. हे मी ऑफिसात रोज बघते, आराखड्यातल्या काळ्या रेघांमध्ये, आणि ते इथे अनवाणी उभं राहून बोंबलत होतं. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला. "हेच आहे का?" तिने हळूच विचारलं. मी मान हलवली. हेच होतं.

आरडाओरडा ऐकून कार्यवाह साहेब ऑफिसातून बाहेर आले. त्यांना येताना बघून मी बाह्या सरसावल्याच. या वेळी बशी नव्हती, पण जीभ होती.

"बाई, हे काय चाललंय? गणित आहे का हे?"

"नाही साहेब," मैत्रीण म्हणाली. "गणित आत आहे. ही ॲक्टिव्हिटी."

साहेबांना कळलं होतं की आपल्यालाच आपल्या नियमात पकडलंय. जायला वळले. आणि मग, मला आजही आश्चर्य वाटतं, गेले नाहीत. रांगेकडे बघत उभे राहिले. मुलांनी आणखी एक बेरीज केली. त्यांनी बोट करून विचारलं, "हे मधले गप्प का बसतात?"

"मला नका विचारू," मैत्रीण म्हणाली. "तिला विचारा."

मुलीने सांगितलं, तिच्या त्या दिल्लीच्या मराठीत. एकवाल्याकडे एकच आहे, मागून आला तर दोन होणार, मग तो देणार. नाही आला तर नाही देणार. म्हणून त्याने मागे बघायचं.

"आणि मागच्याकडेही एकच असला तर?"

"तर त्याच्या मागे बघायचं. कोणी ना कोणी बोललेला असतोच. पहिला तर नेहमीच, त्याच्या मागे कोणी नाही ना."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. बत्तीस मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वर्ग त्यांनी परत दिला नाही, त्या वर्षी नाहीच दिला, आणि मी त्यांना माफही केलेलं नाही, एवढा मोठेपणा माझ्या अंगात नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. वयाने एवढा माणूस, आयुष्यभर सही करण्याआधी सगळं माहीत असल्यासारखं बसलेला. त्याने एकदा मैत्रिणीकडे बघितलं आणि मग त्या मुलीला म्हणाला, "मला कळलं नाही."

एकही मूल हसलं नाही. त्यांच्या बाईंच्या तासाला त्यावर कुणी हसत नसे.

मुलीने त्यांच्या हातावर एक खडू ठेवला आणि म्हणाली, "मग बूट काढा, सर. परत करू या."